खाणीचं साक्षगंध

सावरबोडीच्या बाजारचौकात वामनरावांची चहाची टपरी आहे, आणि तिला टेकून पुनम मोहुर्लेचं ऑनलाइन केंद्र. बोर्डावर सातबारा, जातीचा दाखला, पीकविमा असं काय काय लिहिलेलं आहे, पण बोर्ड वाचून तिथं कोणी जात नाही. कोणाचा फोन बंद पडला, कोणाच्या पोराचा निकाल लागला, कोणाचं भावाशी वाजलं, की पावलं आपोआप तिकडं वळतात. पुनम सगळं ऐकून घेते, आणि ऐकता ऐकता दोन शब्द असे सुनावते की माणूस भांडण विसरून हसत टपरीवर येऊन बसतो. वामनराव म्हणतात, "माहा अर्धा धंदा ह्या पोट्टीच्या तोंडावर चालते."

पोरगी मुळातच तशी. बाप वांगी-मिरची पिकवणारा माळी, माय बाजारात पाटी घेऊन बसणारी. तराजूमागं बसून बसून पुनमला माणसाचा चेहरा वाचायची सवय लागली. चंद्रपुरात राहून कॉम्प्युटरचं शिकली, पुण्यात नोकरीला लागली आणि वर्षाच्या आत परत आली. काऊन आलीस म्हणून विचारलं तर सांगायची, "तिथी मी 'मले' म्हनलं का अख्खं ऑफिस मान वळवून पाहे. मी म्हनलं, पाहा बाप्पा, पोटभर पाहा, मी चालली."

परत आली, हे केंद्र टाकलं, आणि लगेच तिची सोयरिक जमली. पोरगा कोरपन्याकडचा, सिमेंटच्या कारखान्यात कामाला. साखरपुड्याला आमच्याकडं साक्षगंध म्हणतात. तेही थाटात झालं, मंडप पडला, जेवणावळ उठली. मग एक दिवस नवरदेव फोनवर बोलला की लग्नानंतर ते दुकान बंद करावं लागेल. पुनमनं साडी आणि अंगठी एका पिशवीत घातली, यष्टीत बसली आणि कोरपन्याला जाऊन सासऱ्याच्या हातात पिशवी देऊन आली. होणाऱ्या सासूनं गोंधळून चहा टाकला, तोही पिऊन आली. असं आमच्या भागात कोणी केलं नव्हतं. तिची माय पुढं कितीतरी दिवस तोंड लपवून होती. पुनम मात्र दुसऱ्या दिवशी शटर वर करून बसली, जणू काही कोणाचं पॅनकार्ड परत केलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढं जो घोळ झाला, तो तिच्या ह्याच स्वभावातून झाला.

तर सावरबोडीपासून आत, जंगलाच्या कडेला आवळटोला नावाचं गाव आहे, आणि त्याच्या पाठीशी डोंगर. डोंगरात लोखंडाचा दगड आहे. त्याच्यावर एका कंपनीनं खाण मागितलेली. कधी मागितली, किती मागितली, हे कोणाला नीट ठाऊक नव्हतं; पण खाण येणार हे मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. टपरीवर एका मंगळवारी बातमी यायची, "मंजुरी आली." दुसऱ्या मंगळवारी, "क्यान्सल झाली." ह्या बातम्यांवर माणसं आपला संसार हाकत होती. एकानं विहीर अर्धी खोदून सोडून दिली. दुसऱ्यानं नोकरी लागेल म्हणून मोटारसायकल घेतली. आणि आवळटोल्याच्या झिंगूभाऊ आत्रामनं घराची कवेलू, म्हणजे कौलं, फेरायचं सोडलं, म्हणे, "घर तं जानारच हाय, कायले वर चढू?" पावसाळ्यात त्याच्या घरात गळतीखाली भांडी-पातेली मांडून ठेवावी लागत. त्याची बायको सोनीबाई म्हणायची, "खान याच्या आंधी मीच वाहून जातो."

आणि जो तो येऊन पुनमला विचारायचा, "काय वो पुनम, कुठवर आलं?"

"कायचं कुठवर आलं, भाऊ?"

"खानीचं वो! दुसरं काय येऊन राह्यलं ह्या गावात?"

पुनम सरकारी संकेतस्थळं उघडायची. गंमत अशी, की सरकारनं काही लपवलं नव्हतं. अर्ज, नकाशे, बैठकांची टिपणं, अटी, सगळं तिथं टाकलेलं, कोणीही पाहावं. पण कसं टाकलेलं? बाजारात दुकान मांडावं, माल पोत्यात शिवून ठेवावा आणि भाव इंग्रजीत सांगावा, तसं. एक कागद एका खात्याच्या पानावर, दुसरा दुसऱ्याच्या. मराठी कागद सापडलाच तर त्यात 'वनजमिनीचे वळतीकरण' असलं काही. पुनम वाचून दाखवायची तर म्हातारे म्हणायचे, "हे आमच्या झाडांले कोनीकडं वळवून राह्यले?"

तिची कॉलेजातली मैत्रीण स्वाती नागपुरात संगणकाचंच काम करते. पुनमनं तिला फोन केला. "स्वाते, एक पान बनवाचं हाय. फोनवर उघडन असं. मानसानं आपलं गाव दाबलं का दिसलं पाह्यजे, खान कुठवर आली."

"आणि पैसे कोण देणार?"

"कोनीच नाई."

"मग करूया," स्वाती म्हणाली. तीही तसलीच.

रविवारी रविवारी दोघी फोनवर बसून ते पान बांधत गेल्या. कागद खेचून आणायचं, लावून ठेवायचं काम स्वातीचं. शब्द आणि चित्रांची कल्पना पुनमची. पहिलीच अडचण आली ती गावाच्या नावात. आवळटोला सरकारी कागदात सापडेचना, कारण कागदात असतं मूळ महसुली गावाचं नाव, आणि ते गाव पडून रिठी होऊन किती पिढ्या झाल्या कोणास ठाऊक. तिथं आता नुसती मोहाची झाडं आणि एक देव राहतो. म्हणून पुनमनं तालुका, गाव असला रस्ताच टाकून दिला. आमच्याकडं माणूस आपला पत्ता बाजारानं सांगतो. मंगळवारच्या बाजारचा, शुक्रवारच्या बाजारचा. पान उघडलं की पहिला सवाल ठेवला, तुमचा बाजार कोणता? त्या बाजाराला येणारी सगळी गावं, टोले, रिठ्या, त्यांच्या बोलण्यातल्या नावांनी खाली उभी. स्वातीला हे इतकं आवडलं की ती फोनवरच ओरडली.

मग दुसरी अडचण, मंजुऱ्या. ह्या एवढ्या की पुनमचं डोकं भणाणलं. आधी सर्वे, मग जनसुनावणी, मग तत्त्वतः मंजुरी, मग अटी, ग्रामसभा, मग अंतिम मंजुरी. ह्यातली कोणतीही एक झाली की टपरीवर 'मंजुरी आली' होऊन जायचं. हे एकामागं एक असतं, मधे थांबतं, कधी मागंही जातं, हे माणसांना कसं सांगावं? पुनम विचार करत होती आणि समोरून वरात चालली होती. वाजंत्री ऐकता ऐकता तिच्या डोक्यात उजेड पडला.

"स्वाते, लग्न!"

"कोणाचं? तुझं? पुन्हा?"

"खानीचं वो! आयक. सर्वे झाला म्हंजे पोरगी पाहून गेले. जनसुनावनी म्हंजे बोलनी. तत्त्वतः मंजुरी म्हंजे साक्षगंध. आनि शेवटची मंजुरी म्हंजे लग्न. साक्षगंध झालं म्हंजे लग्न झालं का? नाई ना?"

"भारी आहे गं!" स्वाती म्हणाली.

आणि होतंही भारी. स्वातीनं चित्रं अशी काढून घेतली की पाहत राहावं. खाण म्हणजे नवरदेव, डोक्याला बाशिंग, हातात फावडं. दोघींनी ते चंद्रपुरात कॉलेजातल्या पोरांना दाखवलं, मास्तरांना दाखवलं. सगळे हसले, सगळ्यांना कळलं. पानाचं नाव ठेवलं 'कुठवर आलं?'

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजाचं बटण होतं. झाडीबोलीत पुनम स्वतः बोलली. गोंडीसाठी तिनं सोनीबाईला बोलावलं, कारण सोनीबाईचा आवाज लग्नातल्या गाण्यांमुळं सगळ्या टोल्यांत ओळखीचा.

"मी फोनात बोलन तं तो फुटन नाई ना?" सोनीबाईनं विचारलं.

"तुमी झिंगूभाऊवर ओरडता तसं नोको ओरडू. सादं बोला."

सोनीबाई सादं बोलली. मधे एक कोंबडा आरवला, तोही रेकॉर्ड झाला. पुनमनं तो तसाच ठेवला. म्हणाली, कोंबडा आहे म्हणजे गावचं आहे, कंपनीचं नाही, हे लोकांना कळेल.

पान चाललं. बाजाराच्या दिवशी केंद्रासमोर पोरं-म्हातारे फोन धरून उभे राहायचे. वामनरावांना खाण हवी होती, कारण खाण म्हणजे ट्रक, आणि ट्रक म्हणजे चहा. तेसुद्धा सकाळी टपरी पेटवली की आधी पान उघडायचे. पुनम म्हणायची, "पान ना खानीचं हाय, ना जंगलाचं. जे कागदात हाय ते सांगते. तुमाले आवडो नाईतं नोको."

मे महिन्यात एका सकाळी सरकारी पानावर नवा कागद चढला. आवळटोल्याच्या डोंगराला तत्त्वतः मंजुरी. खाली अटींची ही मोठी शेपूट. ह्या अटी पुऱ्या करा, ह्या दाखवा, गावाचं म्हणणं घ्या, मगच पुढचं बोला. पुनमनं दोनदा वाचलं, स्वातीनं वाचलं, आणि पान पुढं सरकवलं. नवरदेव तिसऱ्या चित्रावर जाऊन बसला. साक्षगंध. खाली अटी सोप्या भाषेत लिहिल्या, ग्रामसभा होणार आहे तेही लिहिलं. पुनमनं हात झटकले. तिच्या मते हे चांगलंच होतं. अजून किती काही बाकी आहे, हे लोकांना एकदाचं डोळ्यांनी दिसणार होतं.

मंगळवारी बाजार भरला. पुनम कोणाचा तरी दाखला काढून देत होती, तेवढ्यात वामनराव टपरीवरून वाकून म्हणाले, "पुनम, तुया पानानं कमाल केली वो. झिंगू बैल इकून राह्यला."

"कोन झिंगू?"

"आवळटोल्याचा. दोनी बैल घेऊन आला. म्हने आता शेती कायले करू. पोरीच्या गावाले, माजरीले जाऊन राह्यतो म्हनते. घरदार सोडून."

"काऊन पन?"

"साक्षगंध झालं म्हने ना खानीचं!"

पुनम दाखला तसाच अर्धा सोडून उठली. दाखलेवाला मागून "माहा फोटो, माहा फोटो" म्हणत राहिला.

बैलबाजार चौकाच्या खालच्या अंगाला, चिंचांखाली भरतो. झिंगूभाऊ तिथं उभा होता. काळ्या पाठीचा आणि पांढरा, दोन्ही बैल दाव्याला. ह्या दिवसांत त्यानं शेणखत वावरात नेऊन टाकायला हवं होतं, आणि हा इथं उभा. शेजारी हेडी, म्हणजे ढोरांचा दलाल. दोघांचे उजवे हात एका दुपट्ट्याखाली गेलेले. आमच्याकडं बैलाचा सौदा तोंडानं होत नाही, दुपट्ट्याखाली बोटांनी होतो. वरून दोघांची तोंडं अशी, की जणू पावसापाण्याच्या गप्पा चालल्या आहेत. हात दुपट्ट्याखाली गेला म्हणजे सौदा उंबऱ्यावर आला.

"झिंगूभाऊ, हात काढा भाईर!" पुनम लांबूनच ओरडली.

हेडी म्हणाला, "ये पोरी, सौद्यात तोंड नोको घालू."

"तोंड नाई घालत, दादा, मी डोकं घालून राह्यली. भाऊ, बैल काऊन इकून राह्यले?"

झिंगूभाऊनं हात काढला नाही. तो शांत माणूस आहे, त्याला राग येतो तोही हळूहळू. म्हणाला, "तूच तं सांगतलं ना, साक्षगंध झालं म्हनून."

"झालं. पन लग्न कुठी झालं?"

"साक्षगंध झालं म्हंजे लग्न झाल्यासारखंच हाय, बाई. पंचासमोर शब्द गेला, मोहाची वाटी फिरली. आता कोन नाई म्हनते? आमच्यात तं कोनी म्हनलं नाई आजवर. आनि तुमच्यात तरी कोन म्हनलं?"

"मी म्हनलं!"

आजूबाजूची माणसं हसली. झिंगूभाऊही हसला. "तुही गोष्ट आलग हाय. तू पिशवी घेऊन यष्टीत बसली. अख्खं गाव कोनत्या यष्टीत बसन?"

पुनमला आत्ता कळलं की पानावर काय झालं होतं ते. तिच्यासाठी साक्षगंध म्हणजे मोडता येणारी गोष्ट होती, कारण तिनं ती मोडली होती. चंद्रपुरातल्या पोरांना ते हसण्यापुरतं कळलं. पण टोल्यावरच्या माणसाला साक्षगंध म्हणजे शब्द, आणि शब्द म्हणजे झालंच. तिनं 'अजून बाकी आहे' सांगायला जे चित्र घेतलं, तेच लोकांना 'आता काही बाकी नाही' सांगत होतं.

"आनि सांगून कोन राह्यलं?" झिंगूभाऊ पुढं म्हणाला. "माही घरवाली! बटन दाबलं का तिचाच आवाज. साक्षगंध झालं म्हनते. बाकीचं कोनाचं मी आयकलं नसतं. तिचं कसं नाई आयकू? घरात तरी कधी नाई आयकलं का?"

सोनीबाई मागं टोपली घेऊन बसली होती. ती उसळली. "मी तं हिनं सांगतलं तेच बोलली! मले काय माहीत का हा मानूस फोनातल्या बाईचं आयकन! घरातलीचं तं कवेलू फेरा म्हनून तोंड दुखलं!"

हेडीनं कंटाळून दुपट्टा झटकला. "तुमचं लगन लागू द्या, मंग बोलवा मले. भाऊ, देतो का नाई?"

झिंगूभाऊची बोटं पुन्हा दुपट्ट्याकडं निघाली. पुनमनं त्याच्या तोंडाकडं पाहिलं, आणि तिला त्याचा मागच्या साली तिनंच टाइप केलेला अर्ज आठवला. वरच्या बांधीवाल्या श्रावणविरुद्ध तहसीलला केलेला. बांधी म्हणजे आमच्याकडचं धानाचं वावर. एकाखाली एक असतात, मधे धुरे, म्हणजे मातीचे बांध. वरचा धुरा फोडला की पाणी खालच्या बांधीत उतरतं. श्रावणनं धुरा फोडला नव्हता, आणि अर्ज सांगताना ह्या शांत माणसानं असे शब्द वापरले होते की पुनमनं निम्मे गाळून टाकले होते.

"भाऊ, एक सांगा. मागच्या साली तलावाचं पानी सुटलं तवा वरच्या बांधीत आलं होतं ना?"

"कोनाच्या, त्या श्रावन्याच्या? भरून होतं बेड्याच्या!"

"मंग तुमच्या बांधीत आलंच असन."

"कसं येईन?" झिंगूभाऊचा हात दुपट्ट्यावरून सरळ वर गेला. "त्यानं धुरा फोडला पाह्यजे ना! फावडं घेऊन उभा होता धुऱ्यावर, मुंज्यासारखा! म्या हात जोडले, पाटलाले आनलं, नाई म्हनते!"

"म्हंजे पानी वरतं आलं म्हनून खालतं येतेच असं नाई."

"कोन्या गाढवानं सांगतलं येते म्हनून?"

"मंग खानीचं तसंच हाय, भाऊ. ते पानी आता श्रावनभाऊच्या बांधीत आलं हाय. त्याच्या खालता धुरा तुमच्या गावाचा हाय. ग्रामसभा म्हंजे तो धुरा. फावडं तुमच्या हाती हाय. आनि तुमी फावडं टाकून बैल इकाले आले."

झिंगूभाऊ म्हणाला, "पन पानी तं मले पाह्यजे रायते. खान कोनाले पाह्यजे?"

"मले पाह्यजे," मागून वामनराव बोलले. टपरी सोडून तेही मजा पाहायला आले होते.

"मंग पुराचं पानी समजा," पुनम म्हणाली. "आवंदा पाह्यजे का नाई ते तुमी ठरवा. पाह्यजे असन तं धुरा फोडा, नसन तं बांधा. पन आंधी धुऱ्यावर तं उभे राहा! उभंच नाई राह्यलं, तं पानी आपोआपच रस्ता काढन."

झिंगूभाऊनं बैलांची दावी सोडवून हातात घेतली. "आज नाई जमत," तो हेडीला म्हणाला. हेडीनं पुनमकडं असं पाहिलं, की जणू ती त्याची मागच्या जन्मीची वैरीण आहे. "पुढच्या बाजारी पाहू," झिंगूभाऊनं जोडलं, म्हणजे त्याची खात्री पटली होती असं नाही. पण हात तर बाहेर आला होता.

संध्याकाळी पुनमनं स्वातीला फोन लावला. "लग्न मोडाचं हाय."

"आता कोणाचं?"

"खानीचं. नवरदेव, बाशिंग, सगळं काढून टाक."

"अगं, किती गोड दिसत होता तो!"

"गोड दिसते तोच घात करते," पुनम म्हणाली, आणि कोरपन्याची आठवण येऊन दोघी हसल्या.

ह्या वेळी त्यांनी कोणाला दाखवायचं ते नीट निवडलं. चंद्रपूर नाही, मास्तर नाहीत. पाण्यावरून ज्यांची भांडणं आहेत अशी माणसं पुनमनं शोधून काढली. तिच्या केंद्रात अर्ज टाइप केलेले असल्यामुळं यादी तोंडपाठ होती. एकाखाली एक बांध्या काढल्या. पाणी कोणत्या बांधीत आहे ते निळं. प्रत्येक धुऱ्यावर एक माणूस, त्याच्या हाती फावडं, आणि दाबलं की कळावं हा माणूस कोण, कोणतं खातं, कोणती समिती, ह्याच्यापुढं बोलायचं असेल तर कोणत्या दिवसापर्यंत. खाली मूळ सरकारी कागद, ज्याला शंका आहे त्यानं उघडून पाहावा. कागद पुढं सरकला तर पाणी खाली, अडला तर तिथंच.

श्रावणनं ते चित्र पाहिलं आणि लगेच चिडला. "हा वरच्या धुऱ्यावरचा मानूस माह्यासारखा काऊन दिसून राह्यला?" पुनम म्हणाली, "दिसला ना? मंग कळलं तुमाले."

सोनीबाईनं दुसरीच चूक काढली. "सगळ्या धुऱ्यांवर बुवेच काऊन? ग्रामसभेत बाया बसत नाई का? धानाचा रोवना कोन करते?" स्वातीनं शेवटच्या आधीच्या धुऱ्यावर एक बाई काढली, नऊवारी खोचलेली, हाती फावडं. मग सोनीबाई नव्यानं बोलायला बसली. ह्या वेळी तिनं पुनमनं सांगितलेलं जसंच्या तसं म्हटलं नाही. आधी विचारलं, "म्हंजे काय?" मग तिला पटेल तसं गोंडीत सांगितलं. पुनमला निम्मं कळलं, पण ऐकणाऱ्या बाया माना हलवत होत्या, ते पाहून तिनं ते तसंच ठेवलं.

पुढच्या मंगळवारी हेडी चिंचेखाली वाट पाहत बसला. झिंगूभाऊ आला, पण बैल नव्हते. सोनीबाईसाठी एक लुगडं घेतलं, कवेलू विकणाऱ्याला भाव विचारला, महाग म्हणून शिव्या दिल्या आणि केंद्रासमोर येऊन उभा राहिला. "पानी कोनत्या धुऱ्यावर हाय?"

"तिथीच हाय, भाऊ. हल्लं नाई."

"बरं," म्हणाला आणि गेला. खत टाकायचं राहिलं होतं.

ग्रामसभा आवळटोल्याला गोटूलासमोर भरली. गावाची बैठक तिथंच असते. पुनम गेली आणि मागं चटईवर बसली. तिच्या जिवाला घोर होता. माणसंच जमली नाहीत तर तिच्या पानानं काय दिवे लावले म्हणायचे? पण हळूहळू अंगण भरलं. श्रावण आला आणि झिंगूभाऊपासून जितकं लांब बसता येईल तितकं लांब बसला. बाया आल्या, लेकरं आली. पलीकडच्या टोल्यावरची मंगली आली, ती तर नातवाला काखेत घेऊन पायी. वामनरावही आले, त्यांचं मत नव्हतं इथं, पण कान होते.

वनखात्याचे एक साहेब फाइल घेऊन आले होते. मोकळ्या स्वभावाचे, घामेजलेले, भले गृहस्थ. त्यांनी पाणी प्यायलं आणि वाचायला सुरुवात केली. "सदर प्रस्तावास मंजुरी प्राप्त झालेली असून..."

झिंगूभाऊ उभा राहिला. "कोनती?"

साहेबांनी मान वर केली. "काय?"

"मंजुरी कोनती, साहेब? लय रायतेत त्या. ही कोनत्या धुऱ्यावरची?"

साहेबांना धुरा कळला नाही, पण सवाल कळला. त्यांनी फाइल मागं चाळली. "तत्त्वतः. म्हणजे पहिली. अटी पूर्ण व्हायच्या आहेत. तुमचं म्हणणं नोंदवायलाच तर आलोय मी."

"मंग तसं म्हना ना! 'मंजुरी आली' म्हनले का आमाले वाटते आता बोऱ्या बांधाचा!"

अंगणात हशा पिकला, त्यात साहेबही होते. म्हणाले, "चुकलं. पुन्हा वाचतो," आणि खरंच पहिल्यापासून वाचलं. प्रत्येक अटीला कोणीतरी हात वर करी. झाडं तोडाल त्याच्या बदल्यात कुठं लावाल? ते कुठं म्हणजे कोणाच्या मोहाजवळ? नाल्याचं पाणी लाल झालं तर ढोरं कुठं न्यायची? श्रावणनं विचारलं, पोरांना नोकऱ्या देता म्हणता, त्या कागदात कुठं लिहिल्या आहेत? साहेब काहींची उत्तरं देत, काहींपुढं खूण करून ठेवत. खाण नको म्हणणारे होते, पाहिजे म्हणणारे होते, आणि त्यांच्यात दोनदा अशी जुंपली की मंगलीचा नातू रडायला लागला. पुनमला वाटलं होतं सभा चहापर्यंत आटोपेल. चहा येऊन, संपून, पुन्हा चुलीवर चढला.

उन्हं उतरली तेव्हा साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "मंडळी, मला वर काहीतरी पाठवायचं आहे. एकूण गावाचं काय लिहू? हो, की नाही?"

पुनमलाही उत्तर ठाऊक नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला मधे तोंड घालावंसं वाटलं नाही. झिंगूभाऊ बसल्या जागेवरूनच बोलला.

"लेहा, साहेब, का आवळटोल्याचं विचारनं अजून सुरू हाय. अटींचे कागद आमच्या बोलीत द्या, मंग पुन्हा या. आमी कुठीच जाऊन नाई राह्यलो."

साहेबांनी तसंच लिहिलं. लिहिलेलं वाचूनही दाखवलं. तेवढ्यात मंगलीनं नातवाला शेजारणीच्या मांडीवर दिलं, पदर खोचला आणि हात वर केला.

"साहेब, टोपण नोको लावू अजून. माहा एक सवाल राह्यला."